यार्डात आलेल्या कॅरॅव्हॅन: जमीनमालकाला काय करता येतं, काय नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘आम्ही चार मराठी कुटुंबांनी मिळून लेस्टरजवळ एक गोदाम घेतलंय. शुक्रवारी रात्री मागच्या मोकळ्या यार्डात सात कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीला जोडून ओढायची फिरती घरं, येऊन उभ्या राहिल्या. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला आहे. एक भागीदार म्हणतो खासगी माणसं आणून काढू. दुसरा म्हणतो फाटकात मातीचा ढीग घालू, म्हणजे आणखी कोणी येणार नाही. आमचे हक्क काय आणि त्यांचे काय? शिवाय आमचा एक मित्र नॉर्थॅम्प्टनशरमध्ये शेतजमीन घेतोय. तिथे दोन ट्रॅव्हलर, म्हणजे कॅरॅव्हॅन घेऊन फिरणाऱ्या समाजातली, कुटुंबं भाडं भरून राहतात. जमीन घेतल्यावर त्यांना काढता येईल का? आणि आई विचारते, ही माणसं मुळात आपल्याकडचीच का?’

मातीचा ढीग आधी थांबवा. डंपर सांगून ठेवला असेल तर आत्ता फोन करून नको म्हणा, मग पुढचं वाचा.

२०१२च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स कायद्याचं ५४वं कलम आहे. खासगी जमिनीवर उभी असलेली गाडी तिच्या माणसाला नेता येऊ नये म्हणून जखडणं, हलवणं किंवा कोणत्याही रीतीने अडवून ठेवणं हा त्यानुसार गुन्हा आहे. चाकांना क्लॅम्प लावून पैसे उकळणाऱ्यांना आवर घालायला हे कलम आलं, पण ओढून न्यायच्या गाड्याही त्यात येतात, म्हणजे कॅरॅव्हॅनही. तुमचा हेतू ‘आणखी येऊ नयेत’ एवढाच असेल, पण ढिगामागे सात कुटुंबं अडकली तर तो हेतू न्यायाधीशाला पटवत बसावं लागेल. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, आत कोणाला दम लागला, एखाद्या बाईला कळा सुरू झाल्या, तर रुग्णवाहिका कुठून जाणार? माझ्याकडे एकदा असा एक मालक आला होता. त्याने फाटक मातीने बुजवलं आणि त्याच रात्री दोन वाजता स्वतः फावडं घेऊन ते मोकळं करत होता, कारण आत एका म्हाताऱ्या माणसाच्या छातीत दुखायला लागलं होतं. म्हातारा वाचला. पण ते सांगताना त्या मालकाचा आवाज कापत होता, तो मी विसरलेले नाही.

मी गेली बावीस वर्षं मिडलंड्समध्ये घर आणि जमिनीच्या ताब्याचे दावे चालवते, कधी मालकाच्या बाजूने, कधी कॅरॅव्हॅनमध्ये राहणाऱ्यांच्या. दोन्हीकडचे लोक एकच चूक करतात. ‘जिप्सींचे हक्क’ नावाचा एखादा वेगळा कायदा आहे असं धरून चालतात. तसा तो नाही. कायदा पहिल्यांदा विचारतो, या जमिनीशी या माणसाचं नातं काय? विनापरवानगी येऊन राहिलेला, भाडं भरून राहणारा आणि स्वतःच्या जमिनीवर पण काउन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, जमीनवापराची मंजुरी (प्लॅनिंग परमिशन) नसताना राहणारा, असे तिघं सख्खे भाऊ असले तरी तिघांना तीन वेगळे कायदे लागतात. तुमच्या यार्डातली कुटुंबं पहिल्या प्रकारात बसतात, मित्राच्या शेतातली बहुधा दुसऱ्या.

यार्डापासून सुरुवात करते. तुम्ही परवानगी दिली नव्हती, तेव्हा ताबा परत घेण्याचा तुमचा हक्क पक्का आहे. किती पक्का, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९७३च्या मॅकफेल खटल्यात अपील कोर्टाने सांगितलं, की निव्वळ घुसखोराविरुद्ध मालकाने ताबा मागितला तर ‘यांना आणखी चार आठवडे राहू द्या’ म्हणण्याचा अधिकार न्यायाधीशाला नाही. तशी सवलत मालकच देऊ शकतो. भाडं थकवलेल्या भाडेकरूला मुदत मिळते, इथे मिळत नाही. जमीन काउन्सिलची असती तर तिला मानवी हक्क कराराचं ८वं कलम, म्हणजे घर आणि कुटुंबाचा आदर, तोलावं लागलं असतं. आत शाळेत जाणारी मुलं किती, कोणी गरोदर आहे का, कोणाचं ऑपरेशन ठरलंय का, हे विचारल्याशिवाय तिला पाऊल टाकता येत नाही. तुमच्यासारख्या खासगी मालकावर ते ओझं जवळजवळ नाही. कायदा तुमच्या बाजूने इतका भक्कम उभा आहे की घाईने, आरडाओरडा करून मिळवण्यासारखं काही उरत नाही. घाईत जे गमावता येतं ते मात्र पुष्कळ आहे.

पोलीस ‘दिवाणी मामला’ म्हणाले ते अर्धं खरं आहे. दुसऱ्याच्या जमिनीत शिरणं हा इथे मुळात गुन्हा नाही, दिवाणी दोष आहे. पण १९९४च्या क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर कायद्याच्या ६१व्या कलमाने पोलिसांना अशा लोकांना निघून जायचा आदेश देता येतो. त्यासाठी दोन किंवा अधिक माणसं तिथे राहायच्या इराद्याने आलेली हवीत आणि मालकाने त्यांना जायला सांगितलेलं हवं. त्यावर आणखी एक अट असते: काही नुकसान, त्रास किंवा शिवीगाळ झालेली असावी, नाहीतर सगळ्यांच्या मिळून सहा किंवा जास्त गाड्या असाव्यात. कॅरॅव्हॅनही गाडी म्हणूनच मोजतात. तुमच्याकडे सात कॅरॅव्हॅन तर आहेतच आणि त्या ओढणाऱ्या गाड्या वेगळ्याच, म्हणजे ती अट पुरी झाली. राहिलं काय, तर तुम्ही त्यांना ‘इथून जा’ असं स्पष्ट सांगितलंत का? तुमच्या मजकुरावरून वाटतं, नाही सांगितलं. कोणी त्यांच्याशी बोललेलंच नाही. ते केल्याशिवाय पोलीसही हात घालणार नाहीत. आणि सगळ्या अटी पुऱ्या झाल्या तरी पोलीस आदेश देऊ शकतात, त्यांनी तो द्यायलाच हवा असं नाही. शांतपणे राहिलेल्या कुटुंबांना, विशेषतः जवळपास जायला दुसरी जागा नसताना, बरेच अधिकारी हात लावत नाहीत, आणि मला ते रास्त वाटतं.

२०२२ साली याच कायद्यात आणखी एक कलम घातलं, ६०सी. ते २८ जून २०२२पासून लागू आहे. परवानगीविना गाडी घेऊन राहणाऱ्या अठरा वर्षांवरच्या माणसामुळे लक्षणीय नुकसान, व्यत्यय किंवा मनस्ताप झाला किंवा होण्याची शक्यता असेल, आणि सांगूनही तो शक्य तितक्या लवकर निघाला नाही, तर तो थेट गुन्हा. तीन महिन्यांपर्यंत कैद, २,५०० पौंडांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय गाडी जप्त. इथे गाडी म्हणजे घर, हे लक्षात घ्या. एका संध्याकाळी आईवडिलांना अटक आणि घर ट्रकवर, मुलं रस्त्यावर. ‘ते नुसते तिथे आहेत याचा आम्हाला त्रास होतो’ एवढ्यावर हे कलम लागत नाही. ‘लक्षणीय’ हा शब्द त्यात मुद्दाम आहे. तुमच्या भागीदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘फोन करताना त्रास वाढवून सांगा’ असा सल्ला फिरत असेल तर तो पाळू नका.

याच बदलाने पोलिसी आदेशानंतर परत न येण्याची मुदत तीन महिन्यांवरून बारा महिन्यांवर नेली. मे २०२४ मध्ये हायकोर्टाने निकाल दिला, की ही वाढीव मुदत जिप्सी आणि ट्रॅव्हलर लोकांशी भेदभाव करणारी आणि मानवी हक्क कराराशी विसंगत आहे, कारण थांबायच्या जागाच इतक्या कमी आहेत की वर्षभर बंदी म्हणजे कुठेच थांबू नका असं सांगणं. अशा घोषणेने कायदा आपोआप रद्द होत नाही, तो संसदेनेच बदलावा लागतो. म्हणून पाऊल उचलण्याआधी त्या दिवशीची स्थिती वकिलाकडून तपासून घ्या.

आता खासगी माणसं. जुन्या सामान्य कायद्यानुसार जमीनमालकाला, आधी सांगून आणि निघायला पुरेसा वेळ देऊन, वाजवी बळ वापरून घुसखोराला काढता येतं. त्यावर धंदा करणाऱ्या कंपन्या आहेत आणि त्या चोवीस तासांत यार्ड रिकामं करून देऊ म्हणतात. हे बेकायदेशीर नाही. तरी मी सल्ला देत नाही. ‘वाजवी’ म्हणजे किती, हे नंतर कोर्टात ठरतं, आणि तोवर एखाद्या कॅरॅव्हॅनची काच फुटलेली असते, दोरी तुटलेली असते, एखादं मूल घाबरून किंचाळत असतं आणि कोणीतरी ते फोनवर टिपलेलं असतं. त्यांच्या वस्तूंचं नुकसान झालं तर भरपाईचा दावा तुमच्यावरही येऊ शकतो, कारण माणसं तुम्ही नेमली होती.

कोर्टाची वाट वाटते तितकी लांब नाही. जमिनीच्या मालकीचा उतारा लँड रजिस्ट्रीतून ऑनलाइन मिळतो. दावा ‘अज्ञात व्यक्तीं’विरुद्ध करता येतो, नावं माहीत असायची गरज नाही. नियम सांगतो की कागद जमिनीवर दिसेल अशा जागी लावा, किंवा खुंट्या ठोकून प्रत्येक खुंटीला पारदर्शक बंद पाकिटात ‘येथील रहिवासी’ असं लिहून अडकवा. राहत्या इमारतीखेरीज इतर जमिनीसाठी सुनावणीच्या किमान दोन दिवस आधी हे झालं की पुरे. प्रत्यक्षात तारीख मिळायला कोर्टाच्या गर्दीप्रमाणे जास्त दिवस जातात. आदेश मिळाला की तो बजावायला कोर्टाचा बेलीफ येतो, किंवा प्रकरण हायकोर्टाकडे नेलं तर तिथले अंमलबजावणी अधिकारी. खुंट्या लावताना फोटो काढा, वेळ लिहून ठेवा. खुंट्या कोणी आणि कधी लावल्या हे सांगता न आल्यामुळे परत पाठवलेले दावे मी पाहिले आहेत.

पण या सगळ्याच्या आधी, उद्या सकाळी दोघं जण तिकडे जा. दोघंच, त्यातली एक बाई असली तर बरं. आवाज न चढवता, फोन समोर न धरता. ‘ही जागा आमची आहे, तुम्हाला इथे राहायची परवानगी नाही, तुम्ही इथून जायला हवं. किती दिवस थांबायचा विचार होता?’ हे शेवटचं वाक्य विसरू नका. नव्वद टक्के माहिती त्याच्या उत्तरात असते. कोणी लग्नाला आलेलं असतं, कोणी दवाखान्यात ठेवलेल्या नातलगासाठी, कोणाची गाडी बंद पडलेली असते, कोणी जूनमध्ये ॲपलबीच्या घोडेबाजाराला निघालेलं असतं. ‘बुधवारी जातो’ असं उत्तर आलं तर कोर्टाने याहून लवकर काही दिलं नसतं. मग एक साधं पत्र द्या: आम्ही राहायची परवानगी देत नाही, मात्र बुधवारी दुपारी बारापर्यंत कारवाई पुढे नेणार नाही. शब्द असेच ठेवा. ‘परवानगी देतो’ लिहिलंत तर तोवर ते घुसखोर राहत नाहीत आणि पोलिसांचा मार्ग बंद होतो. शिवाय तुम्ही कॅरॅव्हॅन साइट चालवता असा अर्थ निघू शकतो, त्यासाठी १९६०च्या कायद्याखाली लायसन्स लागतं. त्याच्या सवलती लहान आहेत: एक कॅरॅव्हॅन फार तर दोन रात्री, किंवा पाच एकर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर तीनपर्यंत, तेही वर्षात २८ दिवसच. सात कॅरॅव्हॅन त्यात बसत नाहीत.

सोबत काळ्या पिशव्या द्या, कचरा कुठे ठेवायचा ते दाखवा, जमलं तर एक फिरतं शौचालय भाड्याने आणा. भागीदार म्हणतील, पाहुणचार का? कारण खासगी जमिनीवर राहिलेला कचरा उचलायचा खर्च मालकावरच येतो आणि शौचालयाचं चार दिवसांचं भाडं त्याहून कितीतरी कमी असतं. लीड्स शहराने हेच धोरण म्हणून स्वीकारलं. तिथल्या ट्रॅव्हलर लोकांची संस्था लीड्स गेट आणि काउन्सिल यांनी मिळून ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक वागणुकीच्या बोलीवर थांबू द्यायची पद्धत बसवली. काउन्सिल पाणी, शौचालय, कचरा बघते. कोर्टकचेरीचा आणि साफसफाईचा खर्च त्यातून वाचला. तुमच्या काउन्सिलमध्येही जिप्सी-ट्रॅव्हलर कामासाठी अधिकारी असेल, त्यांना सोमवारी सकाळी पहिला फोन करा.

‘पण यांना जायला जागा का नसते?’ हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. मी उत्तर देते, कारण त्यावाचून बाकीचं कळत नाही. १९६०च्या कायद्यानंतर जुन्या थांबायच्या जागा आणि गावकुसाबाहेरची माळरानं एकामागून एक बंद झाली. १९६८ साली कायद्याने काउन्सिलांवर साइट बांधायचं बंधन घातलं. अनेकांनी ते टाळलं, तरी शेकडो साइट त्यातून उभ्या राहिल्या. १९९४ साली, ज्या कायद्याने पोलिसांना हाकलायचे अधिकार दिले, त्याच कायद्याने ते बंधन काढून टाकलं. म्हणजे जागा देऊ नका आणि थांबले तर हाकला, ही दोन्ही कलमं एकाच पुस्तकात आली. वेल्सने २०१४च्या गृहनिर्माण कायद्यात ते बंधन परत आणलं. इंग्लंडने आणलेलं नाही.

आईंच्या प्रश्नाचं उत्तर: काही जण हो, काही जण नाही. रोमानी जिप्सींचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून पश्चिमेकडे निघाले आणि सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पोचले. इथल्या लोकांना ते इजिप्तचे वाटले, त्यावरून जिप्सी. त्यांच्या भाषेत पाण्याला पानी, नाकाला नाक, कानाला कान, माणसाला मनुष आणि मिठाला लोन म्हणतात, आपल्या लोणच्यातलं लोण. आयरिश ट्रॅव्हलर वेगळे, ते आयर्लंडचे आणि त्यांची बोली वेगळी. दोन्ही समाज आज समता कायद्याखाली वांशिक गट म्हणून संरक्षित आहेत. रोमानी जिप्सींच्या बाबतीत ते १९८८ साली ठरलं, लंडनमधल्या एका पबने दारावर ‘ट्रॅव्हलरांना प्रवेश नाही’ अशी पाटी लावल्यामुळे. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये ७१,४४० लोकांनी स्वतःची नोंद जिप्सी किंवा आयरिश ट्रॅव्हलर अशी केली, आणि त्यातले बहुतेक जण आता पक्क्या घरांत राहतात.

१५५४ साली इंग्लंडने ‘इजिप्शियन’ म्हणून देशात राहणं हाच देहदंडाचा गुन्हा ठरवला होता. जन्मावरून गुन्हेगार ठरवायची तीच रीत १८७१ साली त्यांनी आपल्याकडे क्रिमिनल ट्राइब्ज कायद्याने आणली आणि पुढे पारधी, कैकाडी, बेरड यांना हजेऱ्या लावल्या. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातली वसाहत आईंच्या पिढीने निदान ऐकलेली असेल. १९५२ साली तो कायदा गेला, पण पाल दिसलं की संशय घ्यायची सवय गेली नाही. तुमच्या ग्रुपवर या कुटुंबांविषयी जे लिहिलं जातंय ते पालांविषयी गावात बोललं जायचं त्याच्याशी ताडून बघा.

आता मित्राची जमीन. ती घेण्याआधी त्याला मला किंवा कोणाही जाणत्या वकिलाला भेटायला सांगा, घेतल्यावर नको. त्या जागेला कॅरॅव्हॅन साइट म्हणून प्लॅनिंग परमिशन असेल, आणि ती कुटुंबं तिथे स्वतःच्या मोबाइल होममध्ये मुख्य घर म्हणून राहत असतील, तर १९८३चा मोबाइल होम्स कायदा लागू होण्याची दाट शक्यता आहे. तो करार जमिनीबरोबर येतो आणि नवीन मालकाला बांधतो. ‘मी नवीन आलो, मला जागा हवी’ हे कारण त्यात नाही. कराराचा भंग करून तो सुधारला नाही, तिथे मुख्य घर म्हणून राहणं सोडलं, किंवा मोबाइल होमची दशा इतकी वाईट की साइटला बाधा येते, एवढीच कारणं चालतात. तेही नुसतं दाखवून भागत नाही, करार संपवणं वाजवी आहे असं वाटलं तरच आदेश मिळतो. पाणी किंवा वीज तोडून त्यांना कंटाळवायचा प्रयत्न केला तर १९६८च्या कॅरॅव्हॅन साइट्स कायद्याखाली तो फौजदारी गुन्हा. काउन्सिलच्या साइटवरच्या जिप्सी-ट्रॅव्हलर कुटुंबांना १९८३च्या कायद्याचं संरक्षण २०११पर्यंत नव्हतं. लीड्सच्या एका साइटवरून काढलेल्या कुटुंबाने युरोपियन मानवी हक्क न्यायालयात २००४ साली कॉनर्स खटला जिंकला, त्यानंतर सात वर्षांनी ते मिळालं.

परमिशन नसेल तर त्या कुटुंबांचं संरक्षण पुष्कळ कमी, पण मग मित्रही अडचणीत, कारण प्लॅनिंगची नोटीस जमिनीच्या मालकावरही येते. तिसरा प्रकार याच्या अगदी शेजारचा आहे: जमीन स्वतःची, परमिशन नाही. एसेक्समधली डेल फार्म आठवत असेल, जुन्या भंगारच्या यार्डावर आयरिश ट्रॅव्हलरांनी विकत घेऊन वसवलेली. १९ ऑक्टोबर २०११ रोजी दंगलविरोधी पोलीस आत शिरले आणि सुमारे ऐंशी कुटुंबं निघाली. बासिल्डन काउन्सिल आणि पोलिसांचे मिळून लाखो पौंड खर्च झाले. अशा दाव्यात मनाई हुकूम देताना कुटुंबावर येणारी आपत्ती कोर्टाला तोलावी लागते, हे हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, २००३च्या पोर्टर खटल्यात ठरवलं होतं. तोलूनही निकाल विरुद्ध जाऊ शकतो, डेल फार्मला तसाच गेला.

स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे कायदे वेगळे आहेत, तिकडच्या कोणी हे वाचून पाऊल उचलू नये.

शेवटी तुमचं फाटक. कुटुंबं गेल्यावर ते नीट बसवा, कुलूप कापता येणार नाही असं लावा. रस्त्यालगतचं फाटक किंवा कुंपण एक मीटरपर्यंत आणि इतरत्र दोन मीटरपर्यंत साधारणपणे परमिशनशिवाय चालतं. मातीचा बांध घालायचाच असेल तर तो यार्ड रिकामं झाल्यावर, आणि आधी प्लॅनिंग विभागाला विचारून.